इंट्राडे सिग्नल आणि नऊ पॉइंटांचा हिशेब

इचलकरंजीत मी गेली बावीस वर्षं लोकांची आयकर विवरणपत्रं भरतो. यंत्रमागवाले, सायझिंगवाले, सूत व्यापारी ही माझी जुनी गिऱ्हाइकं. पाच-सहा वर्षांपासून त्यांच्याच घरची तरुण पोरं यायला लागली आहेत. हातात मोबाइल, त्यात ब्रोकरच्या अ‍ॅपवरून उतरवलेलं वर्षभराचं स्टेटमेंट, आणि पहिलं वाक्य ठरलेलं : "काका, एफ अँड ओ आहे, आयटीआर-३ भरावा लागेल ना?" एफ अँड ओ म्हणजे फ्युचर आणि ऑप्शन : फ्युचर हा वायदा, ऑप्शन हा ठरल्या भावाला घेण्या-विकण्याचा हक्क. आणि आयटीआर-३ हा धंद्याचं उत्पन्न दाखवायचा विवरणपत्राचा नमुना.

२०२५ च्या जूनमध्ये, २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं विवरणपत्र भरायला असाच एक जण आला. वय सव्वीस, बी.कॉम., वडिलांचे चोवीस साधे माग. ऑप्शनला त्याने हातही लावला नव्हता आणि याचा त्याला अभिमान होता. फक्त निफ्टी फ्युचर, म्हणजे निफ्टी या शेअर निर्देशांकाचा वायदा; फक्त इंट्राडे, म्हणजे सौदा त्याच दिवशी मिटवायचा, रात्री पोझिशन ठेवायची नाही. नियम पक्का होता. सव्वानऊला बाजार उघडला की पहिल्या पंधरा मिनिटांचा हाय आणि लो आखून घ्यायचा. पाच मिनिटांची कॅन्डल (तेवढ्या वेळातली भावाची चाल दाखवणारी चार्टवरची खूण) त्या हायच्या वर बंद झाली आणि ९ चा ईएमए, म्हणजे ताज्या भावांना जास्त वजन देणारी सरासरी, २१ च्या वर असला की बाय. उलट झालं की सेल. हाच त्याचा सिग्नल. टार्गेट ४० पॉइंट (पॉइंट म्हणजे निर्देशांकाचा एक अंक), स्टॉपलॉसही ४०, म्हणजे तेवढा तोटा झाला की बाहेर. सव्वातीनच्या आत सगळं बंद करून मोकळं व्हायचं. हे सगळं तो वहीत लिहून ठेवत होता, तारीखवार. इतकी नेटकी वही माझ्याकडे येणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी चौघांचीही नसेल.

अ‍ॅपच्या पहिल्या पानावर हिरव्या अक्षरांत नफा होता ४१,३०० रुपये. "फार नाही काका, पण पहिल्याच वर्षी प्लसमध्ये आहे," तो म्हणाला. मी पान खाली सरकवलं. चार्जेस आणि टॅक्सेस : १,९७,८०० रुपये. सौद्यांची संख्या ६१२. म्हणजे सौद्यामागे कमाई सुमारे ६७ रुपये आणि खर्च सुमारे ३२३. वर्षाचा निव्वळ तोटा दीड लाखाच्या वर. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण सिग्नल तर चालतोय ना?"

चालत होता, हे खरंच आहे. आणि मला जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. इंट्राडे सिग्नलवर टीका करणारे बहुतेक लोक ते थोतांड आहेत असं म्हणून मोकळे होतात, आणि सिग्नल वापरणारा पोरगा ते ऐकून हसतो, कारण त्याने स्वतःच्या डोळ्यांनी सिग्नल लागू पडताना पाहिलेला असतो. माझं म्हणणं वेगळं आहे. सिग्नलमध्ये थोडंफार तथ्य असू शकतं. पण ते तथ्य जेवढ्या पॉइंटांचं असतं त्याहून जास्त पॉइंट तो सौदा करण्याचा खर्च खातो, आणि हा खर्च सौदा करणाऱ्याच्या नजरेसमोर येऊ नये अशी सगळ्या व्यवस्थेची रचना आहे. ही रचना बदलता येते. ती बदलायला हवी.

हिशेब एकदा सविस्तर मांडतो, कारण तो कुणी मांडतच नाही. २०२५ मधले दर आणि तेव्हाचा ७५ चा लॉट, म्हणजे एका सौद्यातली किमान संख्या, घेऊ. निफ्टी २५,००० वर असेल तर एका लॉटची किंमत १८ लाख ७५ हजार. विकताना एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) ०.०२ टक्के, म्हणजे ३७५ रुपये. एक्स्चेंजची फी दोन्ही बाजूंची मिळून ६५ च्या आसपास. खरेदीवर स्टॅम्प ड्यूटी साडेसदतीस. डिस्काउंट ब्रोकरचे वीस अधिक वीस. त्यावर जीएसटी, सेबी या बाजार नियामकाची किरकोळ फी. बेरीज साधारण ५४० रुपये. ७५ ने भागलं की सात पॉइंट. शिवाय मार्केट ऑर्डर टाकली की स्क्रीनवर दिसलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यात घेताना एक, विकताना एक पॉइंट सहज जातो. झाले नऊ.

आता त्या पोराचं ४०-४० चं गणित बघा. जिंकला तर हातात येतात ३१ पॉइंट, हरला तर जातात ४९. नुसतं बरोबरीत सुटायलाच त्याला शंभरातले एकसष्ट-बासष्ट सौदे जिंकावे लागतात. टार्गेट आणि स्टॉपलॉस २० चे केले, जे "स्काल्पिंग" म्हणून शिकवलं जातं, तर शंभरात बहात्तर-त्र्याहत्तर. आणि तोच माणूस दोनशे पॉइंटांची चाल पकडायला बसला असता तर त्रेपन्नात भागलं असतं. सिग्नल तोच, माणूस तोच, शिस्त तीच. सौदा जितका आखूड, तितकं बरोबर ठरण्याचं ओझं जास्त. दिवसाला तीन सौदे आणि वर्षाला २४० दिवस धरले तर एका लॉटवर नुसता खर्च होतो तीन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. तो लॉट घ्यायला लागणारं मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, दोन-सव्वादोन लाखांच्या आसपास असतं. म्हणजे भांडवलाच्या दीडपटीहून अधिक रक्कम नुसती खर्चापोटी जाते.

या पोराचे वडील खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे. पिकामागे, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यामागे, किती पैसे मिळतात, वीज किती खाते, कांडीवाल्याला किती, जॉबरला किती, बीम बदलताना माग किती तास बंद राहतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पिकामागचा दर थोडाही कमी पडला तर ते ऑर्डर घेत नाहीत. त्यांच्याच घरातला, त्यांच्यासारखाच हिशेबी मुलगा वर्षभरात ६१२ वेळा तोट्याची ऑर्डर घेतो, कारण त्याच्या मागाला मीटरच बसवलेला नाही.

सिग्नल कुठून आले तेही थोडक्यात बघावं. आज मोबाइलवर दिसणारी कॅन्डल जपानी तांदळाच्या बाजारातून आली असं मानतात. ओसाकातल्या दोजिमा बाजाराला १७३० मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि तिथे तांदळाचे वायदे होत. भावाच्या चढउताराचा जोर मोजणारा आरएसआय १९७८ मध्ये वेल्स वाइल्डर या अमेरिकी अभियंत्याने पुस्तकातून मांडला; तेव्हा तो दिवसाच्या बंद भावांवर, कागद-पेन्सिलीने काढायचा आकडा होता. १४ दिवसांचा आरएसआय आज पाच मिनिटांच्या १४ कॅन्डलवर लावला जातो आणि त्याला तेवढाच मान दिला जातो. दिवसभराच्या व्यवहारातून निघणाऱ्या भावात जी माहिती असते ती पाच मिनिटांच्या भावात नसते. तिथे योगायोगाचा गोंगाट जास्त असतो.

तरीही इंट्राडे भावात काहीच अर्थ नसतो असं अभ्यासक म्हणत नाहीत. अमेरिकेतल्या एसअँडपी ५०० निर्देशांकाच्या ईटीएफवरच्या (त्या निर्देशांकामागे चालणारा फंड), २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की दिवसाच्या पहिल्या अर्ध्या तासाची दिशा शेवटच्या अर्ध्या तासाच्या दिशेबद्दल थोडा अंदाज देते. थोडा. असा थोडा अंदाज जर मोठ्या संस्थेला, स्वस्त खर्चात, शेकडो सौद्यांवर पसरवून वापरता आला तर त्यातून पैसे होतात. माझ्यासमोर बसलेल्या पोराला तो किरकोळ दराने विकत घ्यावा लागतो.

हे सिग्नल शिकवणाऱ्या क्लासमध्ये तर तो थोडा अंदाजही फुगवून दाखवतात. फळ्यावर येणारा चार्ट निवडलेला असतो. ९ आणि २१ हेच आकडे का, ८ आणि २० का नाहीत, असं मी त्या पोराला विचारलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण सरांनीही दिलं नव्हतं. उत्तर बहुधा इतकंच आहे, की मागच्या भावांवर पन्नास जोड्या लावून बघितल्या आणि ही जोडी छान दिसली. पन्नास जोड्यांपैकी कुठली तरी एक छान दिसणारच. शिवाय बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवर घेतलेल्या चाचणीत, कॅन्डल ज्या भावाला बंद झाली त्याच भावाला सौदा झाला असं धरतात आणि खर्चाचा रकाना शून्य ठेवतात. असा चार्ट दाखवून त्या पोराकडून ३५ हजार रुपये फी घेतली होती. क्लासचं नाव मी लिहीत नाही; तशी नावं डझनांनी आहेत.

आणि कॅन्डल एक गोष्ट कधीच सांगत नाही : कुणी घेतलं आणि का घेतलं. १७ जानेवारी २०२४ चा दिवस आठवा. आदल्या संध्याकाळी एचडीएफसी बँकेचे निकाल आले होते. ४८,१२५ वर बंद झालेला बँक निफ्टी हा बँकांच्या शेअरांचा निर्देशांक सकाळी ४६,५७४ च्या आसपास उघडला. पुढचे अडीच तास बाजार सावरतोय असं चार्टवर दिसत होतं. सेबीने ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात म्हटलं, की त्या सकाळी जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीच्या गटाने बँकांचे शेअर आणि फ्युचर मिळून ४,३७० कोटींची खरेदी केली, त्याच वेळी ऑप्शनमध्ये त्याहून खूप मोठी मंदीची बाजू धरली, आणि दुपारनंतर ती खरेदी विकून टाकली. त्या एका दिवसाचा ऑप्शनमधला नफा सुमारे ७३५ कोटी. कंपनीने आरोप फेटाळले आहेत आणि रोखे अपील न्यायाधिकरणात दाद मागितली आहे, त्यामुळे दोषी कोण हे ठरवणं माझं काम नाही. मी फक्त एवढंच बघतो, की त्या सकाळी हजारो मोबाइलवर एक स्वच्छ बाय सिग्नल आला असणार. व्हीडब्ल्यूएपीच्या, म्हणजे उलाढालीनुसार काढलेल्या दिवसाच्या सरासरी भावाच्या, वर भाव, ईएमएचा छेद, हिरव्या कॅन्डल. सगळं पुस्तकाबरहुकूम.

समोरच्या बाजूला कोण असतं याचे आकडे सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये दिले. २०२३-२४ मध्ये एफ अँड ओमध्ये प्रोप्रायटरी ट्रेडरांना (स्वतःच्याच पैशाने सौदे करणाऱ्या कंपन्यांना) सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांना सुमारे २८ हजार कोटींचा ढोबळ, म्हणजे खर्च वजा न केलेला, नफा झाला, आणि त्यातला ९६-९७ टक्के नफा अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांतून आला. वैयक्तिक ट्रेडरांचा ढोबळ तोटा ६१ हजार कोटी. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि खर्चासह एकूण १ लाख ८० हजार कोटींहून जास्त गमावून बसले. यात मोठा वाटा ऑप्शनचा आहे हे मला मान्य आहे, आणि फ्युचरवाला पोरगा तेच सांगून स्वतःला बाजूला काढतो. पण त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. या ट्रेडरांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक जणांचं जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत आहे, आणि ७२ टक्क्यांहून अधिक जण पहिल्या तीस मोठ्या शहरांच्या बाहेरचे आहेत. म्हणजे आमच्यासारख्या गावांतले.

तोटा झाला की क्लासमध्ये एकच उत्तर मिळतं : शिस्त कमी पडली. मला या उत्तराचा मनापासून राग येतो. सिग्नल लागला तर श्रेय सिग्नलचं, चुकला तर दोष पोराच्या मनाचा. अशी पद्धत कधी खोटी ठरूच शकत नाही, आणि जी खोटी ठरू शकत नाही तिची परीक्षाही होत नाही. परीक्षा झाली ती ब्राझीलमध्ये, आणि ती नेमकी निर्देशांकाच्या फ्युचरवर. २०१३ ते २०१५ मध्ये तिथल्या मिनी इंडेक्स फ्युचरमध्ये डे-ट्रेडिंग सुरू केलेल्या १९,६४६ लोकांच्या नोंदी संशोधकांनी पाहिल्या. बहुतेकांनी लवकर सोडून दिलं. तीनशेहून अधिक दिवस चिकाटीने टिकलेल्यांपैकी ९७ टक्के तोट्यात होते. तिथल्या किमान वेतनाहून जास्त कमाई करणारे निघाले १.१ टक्के. अनुभवाने लोक सुधारतात असा पुरावा काही सापडला नाही. शिस्त आणि चिकाटीनेच हे जमत असतं, तर तीनशे दिवस टिकलेल्यांत तरी ते दिसलं असतं.

काही जण याला सरळ मटका म्हणतात. मुंबईचा मटका सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावांवरच चालायचा, त्यामुळे कापडाच्या गावात ही तुलना लगेच सुचते. मी ती करत नाही. निर्देशांकाचा वायदा हे उपयोगी साधन आहे. एल. सी. गुप्ता समितीने १९९८ मध्ये त्याची शिफारस केली ती जोखीम झाकण्यासाठी. जून २००० मध्ये ९ तारखेला बीएसईवर सेन्सेक्सचे आणि १२ तारखेला एनएसईवर निफ्टीचे फ्युचर सुरू झाले. ज्याच्याकडे वीस लाखांचे शेअर आहेत आणि ज्याला निवडणुकीच्या निकालाची धास्ती आहे, तो शेअर न विकता एक लॉट विकून ठेवू शकतो. त्याला समोर कुणीतरी घेणारा लागतो आणि तो घेणारा सट्टा खेळतो, हेही बरोबर. वायदेबाजारातून सट्टा काढून टाका असं म्हणणारा मी नाही.

"सज्ञान माणूस आहे, त्याचे पैसे आहेत, तुम्ही कोण?" हा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. मीही कुणाला माग विकून फ्युचर घेऊ नकोस असं सांगू शकतो, अडवू शकत नाही, आणि सरकारने अडवावं असंही वाटत नाही. पण सज्ञान माणसाने स्वतः ठरवायचं, तर ठरवताना त्याच्यासमोर खरा आकडा हवा. दुकानात वस्तूवर सगळे कर धरून एमआरपी छापायची सक्ती आहे. पेट्रोल पंपावर लिटर आणि रुपये एकाच वेळी फिरताना दिसतात. इथे मात्र पहिल्या पानावर ढोबळ नफा हिरव्या अक्षरांत आणि खर्च तीन टिचक्यांच्या आत. ज्याने ६१२ सौदे केले त्याला वर्ष संपल्यावर कर सल्लागाराच्या खुर्चीत बसून कळतं, की आपण तोट्यात होतो.

सेबीने काही केलं नाही असं नाही. १ जुलै २०२३ पासून लॉगिन केलं की दहापैकी नऊ जण तोट्यात जातात ही सूचना दिसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये करारांची किमान किंमत १५ लाख केली, आठवड्याच्या एक्सपायरी (करार संपण्याचे दिवस) एका एक्स्चेंजला एकाच निर्देशांकावर आणल्या. जानेवारी २०२५ मध्ये, जो फक्त शिक्षण देतो असं म्हणतो त्याने मागच्या तीन महिन्यांचे भाव वापरायचे नाहीत असं सांगितलं. हे चांगलं झालं. पण २०२४-२५ मध्येही ९१ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात राहिले आणि त्यांचा निव्वळ तोटा ७४,८१२ कोटींवरून १,०५,६०३ कोटींवर गेला. लॉट मोठा केल्याने लहान माणूस फ्युचरमधून बाहेर पडेल ही अपेक्षा होती. काही पडले, काही ऑप्शनकडे वळले, आणि जो राहिला त्याची प्रत्येक चूक २५ ऐवजी ७५ ने गुणली जाऊ लागली.

आणि ती सूचना? मी पोराला विचारलं. "रोज येते काका. ओके करतो." साहजिक आहे. दहापैकी नऊ जण बुडतात हे प्रत्येकाला पटतं, आणि आपल्याकडे सिग्नल आहे म्हणून आपण दहावे आहोत हेही पटतं. जगाची सरासरी सांगून माणूस थांबत नाही. त्याला त्याचाच आकडा दाखवावा लागतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ऑर्डरच्या बटणाच्या वरच, तितक्याच मोठ्या अक्षरांत, हा सौदा बरोबरीत सुटायला किती पॉइंट लागतील ते यावं. रुपयांत नको, पॉइंटांत. कारण त्याचं टार्गेटही पॉइंटांतच असतं आणि ४० च्या शेजारी ७ लिहिलेलं दिसलं की डोक्यात वजाबाकी आपोआप होते. अ‍ॅपच्या पहिल्या पानावर ढोबळ नफा दाखवायला बंदी असावी. तिथे खर्च वजा जाऊन उरलेला आकडाच यावा, आणि त्याखाली वर्षभराचा खर्च त्याच्या मार्जिनच्या किती टक्के झाला तेही. यासाठी नवीन माहिती गोळा करायची गरज नाही. रोजच्या काँट्रॅक्ट नोटमध्ये, म्हणजे ब्रोकर पाठवतो त्या सौद्यांच्या पावतीत, पैशापर्यंत सगळा खर्च लिहिलेला असतो; ती नोट ईमेलमध्ये न उघडता पडून असते, एवढंच. आणि जो कुणी सिग्नल शिकवतो किंवा विकतो, त्याने त्या सिग्नलवरचे ठरावीक काळातले सगळे सौदे, खर्च वजा करून दाखवावेत. निवडलेले चार्ट दाखवणं ही फसवी जाहिरात समजावी.

ब्रोकर म्हणतील, याने सौदे कमी होतील. होतील. सेबीच्याच अहवालानुसार तीन वर्षांत वैयक्तिक ट्रेडरांनी सुमारे ५० हजार कोटी रुपये खर्चापोटी दिले आणि त्यातला अर्धा ब्रोकरेजचा होता. खरा आकडा दाखवल्याने जो सौदा थांबतो, तो सौदा न कळण्यावरच उभा होता.

त्या पोराचं विवरणपत्र मी वेळेत भरलं, म्हणजे तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो. जाताना त्याच्या वहीत मी एक रकाना वाढवून दिला : सौदा करण्याआधी लिहायचे खर्चाचे पॉइंट. बाकी काही सांगितलं नाही. दिवाळीच्या आधी तो वही घेऊन आला. जुलैमध्ये ४६ सौदे होते, ऑगस्टमध्ये १९, सप्टेंबरमध्ये ८. मी विचारलं, सिग्नल यायचे बंद झाले का? "नाही," तो म्हणाला, "तेवढेच येतात."